भूत एक, स्टॉल अकरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३१ ऑक्टोबरला शुक्रवारी संध्याकाळी गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर लहान मुलांसाठी हॅलोविन कार्निव्हल झाला. नाव लिहीत नाही, जे आले होते त्यांना बरोबर कळेल. दिवाळी होऊन जेमतेम आठवडा झालेला, चिवड्याचा डबा अजून अर्धा होता आणि खिसा मात्र पूर्ण रिकामा, पण सोसायटीच्या ग्रुपवर पोस्टर पडलं आणि पोरांनी ते बघितलं, मग काय, घरात दुसरा विषयच नाही. भुतांचा बंगला, भोपळा कोरायचं वर्कशॉप, ट्रिक ऑर ट्रीट, बेस्ट ड्रेसला बक्षीस. मुलांना ३९९ आणि सोबतच्या मोठ्यांना १९९, म्हणजे आम्हा चौघांचे ११९६ रुपये.

आधीच सांगते, हे पत्र "आपली संस्कृती बुडाली" वालं नाहीये, ज्यांना तसं लिहायचंय त्यांनी खुशाल लिहावं. माझी लेक पाचवीत आहे, तिने आधीच सगळं शोधून आम्हाला ऐकवलेलं, की हा सण मूळचा आयर्लंडकडचा, सुगी संपून थंडी लागायच्या वेळी मेलेली माणसं परत येतात असं मानायचे, आणि तिकडे आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, मग ती माणसं अमेरिकेत गेली तेव्हा तिथे भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे त्यांचा पितृपक्षच की, नुसती खीर नाही.

ड्रेसवर आम्ही चार संध्याकाळी घालवल्या. धाकट्याच्या काळ्या ट्रॅकसूटवर पांढऱ्या टेपने हाडं चिकटवून सांगाडा केला. लेकीला टोपीवाली चेटकीण व्हायचं नव्हतं, तिला हडळच व्हायचं होतं. सासूबाईंची जुनी पांढरी साडी, मोकळे केस, आणि पायात मोज्यांवर पुठ्ठ्याची पावलं उलटी बांधलेली, टाचा पुढे. ते पाऊल नीट बसेना म्हणून रात्री साडेअकरापर्यंत फेव्हिकॉल घेऊन बसली होती.

आणि तिथे गेल्यावर काय, तर भुतांचा बंगला म्हणजे मंडपाचं काळं कापड, एक हिरवा हॅलोजन आणि गोरिलाचा मुखवटा घातलेला एक पोरगा. हॅलोविनला गोरिला का, ते आयोजकांनाच माहीत. चाळीस मिनिटं लाइनीत उभं राहून धाकटा आत गेला, अर्ध्या मिनिटात बाहेर आला आणि म्हणाला, आई, ते भूत रील बघत होतं. माझं माहेर पेठ तालुक्यातलं, तिथला बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून सोंगं आणायचा उत्सव, ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. रात्रभर संबळ चालू, टेंभ्यांचा उजेड, आणि त्राटिकेचं सोंग आलं की मी दरवर्षी वडिलांच्या मागे लपायचे, मुखवट्याआड आपल्याच गावातला माणूस आहे हे माहीत असून. त्या माणसांना कोणी तिकिटाचे पैसे देत नव्हतं, पण सोंग आणायचं तर ते जीव ओतून आणायचे.

लॉनवर नुकतंच पाणी मारलेलं आणि त्यातूनच लाइटच्या वायरी नेलेल्या, जॉइंटला नुसता टेप. हे मात्र गमतीचं नाही, पोरं अनवाणी पळत होती. याची परवानगी कोण देतं आणि बघायला कोण येतं, तेवढं महापालिकेने सांगावं.

वर्कशॉपला पोरं दोनशेच्या आसपास आणि डांगर, म्हणजे भोपळे, सहा! नाशिकमध्ये, जिथे बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात डांगराचे ढीग लागतात तिथे! शेवटी एका ताईने स्टेजवर एक कोरून दाखवलं आणि त्याला डेमो म्हणाली. बक्षीस भाड्याच्या स्पायडरमॅनला गेलं, त्याचं मला काही नाही, पण माइकवाल्या दादाने लेकीला विचारलं की बाळा तुझी टोपी कुठे पडली, ती म्हणाली मी हडळ आहे, माझे पाय बघा, तर त्याने पाय बघितलेच नाहीत, "टाळ्या झाल्या पाहिजेत" म्हणून पुढच्या मुलाकडे.

खरा प्रकार पुढेच आहे. ट्रिक ऑर ट्रीट म्हणजे मुलांना एकेक कार्ड दिलेलं, अकरा स्टॉलवर जाऊन शिक्के घ्यायचे. स्टॉल कशाचे, तर कोचिंग क्लास, फ्लॅटची स्कीम, विमा, दाताचा दवाखाना, गाड्यांचं शोरूम वगैरे. प्रत्येक ठिकाणी आधी वहीत पालकांचं नाव, मोबाइल, मुलाची इयत्ता आणि शाळा लिहायची, मग एक रुपयावाली टॉफी. पोरं हात धरून ओढत होती, मागे लाइन होती, मी मुकाट्याने अकरा वेळा लिहिलं. ही माझीच चूक, मान्य. पण लहान मुलांच्या हौसेवर नंबर गोळा करायचे आणि वर त्यांच्याकडूनच तिकीट घ्यायचं, हा कुठला न्याय? डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा संसदेने २०२३ मध्ये पास केला, त्यात माहिती घेताना ती कशाला घेताय हे सांगा असंच आहे ना? त्या वहीवर तर "शिक्क्यासाठी" एवढंच लिहिलेलं. आयोजकांना मेसेज केला की न झालेल्या वर्कशॉपचे पैसे परत द्या आणि आमचे नंबर खोडा, तर दोन निळ्या टिका आल्या आणि बाकी शांतता. आता ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करणार आहे. बाकी पालकांनीही करावी, एकट्या बाईचं कोण ऐकतंय.

पुढच्या बुधवारी गंगेवरून एक डांगर आणलं, ऐंशी रुपयांत. दोघांनी मिळून कोरलं, एक डोळा जरा मोठा झाला, आत दिवाळीतलीच पणती ठेवली, आणि निघालेला गर सासूबाईंनी घारग्यांना घेतला. घारगे तळत असतानाच फोन वाजला, दुसरीतल्या मुलासाठी आयआयटी फाउंडेशन. माझे हात पिठाचे, म्हणून स्पीकरवर टाकून लेकीकडे दिला. तिने जो काही हडळीचा आवाज काढला, त्या नंबरवरून परत फोन आलेला नाही. बाकीचे दहा चालू आहेत.

आपली,
एक पालक, पाथर्डी फाटा, नाशिक