गॅसच्या नळीवरची तारीख कोण बघतं?

मा. संपादक,

गॅस गळून आग लागल्याची बातमी आली की लोक लगेच सिलिंडरला दोष देतात, पण बऱ्याच घरांत खरी भीती असते ती रेग्युलेटरपासून शेगडीपर्यंत जाणाऱ्या नळीची आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. केशरी सुरक्षा नळीवर महिना-साल छापलेलं असतं, 5 वर्षं झाली की ती बदलायचीच, वरून कितीही चांगली दिसू दे. आमच्या शेजारच्या आजींकडे ओट्याखाली वाकून बघितलं तर नळीवर 2014 साल, शेगडीच्या नोझलपाशी जिथे ती वाकते तिथे बारीक बारीक चिरा, आणि दाबून बघितली तर लाकडासारखी कडक! उंदरांनी कुरतडू नये म्हणून वरून प्लास्टिकचं कव्हर चढवलेलं, त्यामुळे चिरा कोणाला दिसायच्याच नाहीत. इतकी वर्षं त्या घरात सिलिंडर येतोय, पोचवणारा दारात ठेवतो, ओटीपी घेतो आणि जातो. एजन्सीत विचारलं तर म्हणे नळी शिल्लक नाही, नंतर या.

मग माणूस काय करणार, हार्डवेअरच्या दुकानातून मीटरवर मिळणारी साधी हिरवी नळी आणणार, जिच्यावर ना आयएसआय मार्क ना तारीख. सुरक्षा नळीत तारांचं जाळं असतं, या नळीत काही नसतं. त्यात हल्ली ट्रॉल्यांचं फॅड, सिलिंडर बाल्कनीत आणि भिंतीला भोक पाडून मधे जोड दिलेली लांबच लांब नळी, खरं तर ती दीड मीटरपेक्षा जास्त नको आणि अख्खी डोळ्यांसमोर हवी.

नळी बदलताना एजन्सीचा मेकॅनिकच बोलवा, आणि तो गेल्यावर दोन्ही टोकांना साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर गॅस गळतोय. काही जण अजून काडी पेटवून बघतात, कृपा करून असं करू नका हो! हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचून राहतो, म्हणून वास आला तर लाईट-पंख्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर येऊन 1906 या गॅसगळतीच्या मदतीच्या नंबरला फोन करायचा. हा नंबर चोवीस तास चालू असतो पण आमच्या बिल्डिंगमधे निम्म्या लोकांना माहीतच नव्हता.

एजन्सीवाल्यांना माझी एकच मागणी आहे, ज्या दिवशी नळी बदलली ती तारीख गॅसच्या पुस्तकात शिक्का मारून लिहा आणि सिलिंडरच्या प्रत्येक पावतीवर छापा, म्हणजे घरात एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही ओट्याखाली न वाकता कळेल.

- एक गृहिणी, सातारा