सम सोडायला शिकायचं वर्ष

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार वि. वि.

यंदाचं वर्ष लॅटिन संगीताला द्यायचं ठरवलंस हे वाचून मनापासून आनंद झाला. लॅटिन म्हटलं की मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत सगळं आलं. सगळ्याला हात घातलास तर डिसेंबरात हाती काही लागणार नाही. म्हणून नऊ-दहा महिने क्यूबा आणि क्यूबातून न्यूयॉर्कला गेलेलं संगीत, आणि शेवटी थोडा ब्राझील, एवढंच धर.

तू तबल्याचा माणूस. लय पक्की आहे, पण सुरुवातीला तीच आडवी येईल. आपण आवर्तनभर कुठेही फिरलो तरी समेवर येतो. लॅटिन संगीतात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सगळ्यांना ठाऊक असते आणि मुद्दाम मोकळी ठेवतात. हे अंगात भिनायलाच वर्ष लागतं.

पहिले दोन महिने फक्त क्लावे. क्लावे म्हणजे दोन लाकडी टिपऱ्या, आणि त्यांवर वाजणारा साचाही. शिसवीच्या, वीतभर लांब, इंचभर जाड टिपऱ्या चालतील. डाव्या हाताची ओंजळ करून एक टिपरी बोटांच्या टोकांवर आणि अंगठ्यावर नुसती टेकव, तळव्याखाली पोकळी राहू दे. मुठीत आवळलीस तर आवाज बसतो.

आता तीनतालासारख्या १६ मात्रा मोज. आघात १, ४, ७, ११ आणि १३ वर. ही ‘तीन-दोन’ सोन क्लावे (सोन म्हणजे क्यूबाचं नाचगाणं): पहिल्या आठांत तीन, पुढच्या आठांत दोन. समेवर आघात आहे, तेराव्या मात्रेच्या टाळीवर आहे, पण पाचवी आणि खाली, म्हणजे नववी, दोन्ही कोरड्या. अर्धी फिरवलीस की ‘दोन-तीन’ होते: ३, ५, ९, १२, १५. इथे सम रिकामी! रुंबा या दुसऱ्या क्यूबन नाचाच्या क्लावेत फरक एकाच आघाताचा, तीनच्या बाजूचा शेवटचा ७ वरून ८ वर सरकतो. तेवढ्यानं चाल किती बदलते ते वाजवून बघ.

मेट्रोनोमचा ठोका १, ५, ९, १३ वर ठेव, मिनिटाला ६० पासून. पायानं ठोका, हातानं क्लावे, तोंडानं तीनतालाच्या बोलांची पढंत. साल्सा, म्हणजे क्यूबन मुळाचं न्यूयॉर्कचं नाचाचं संगीत, बहुधा ८५ ते १०० च्या आसपास असतो, तिथे जायची घाई नको. चूक हमखास चौथ्या मात्रेवर होते. ती पाचवीकडे ओढली जाते, कारण आपल्या कानाला टाळी हवी असते. दुसरी चूक दिशेची. गाणं दोन-तीनचं आणि आपण तीन-दोन धरलं, तर मात्रा बरोबर असूनही सगळं एकमेकांवर आदळतं. क्यूबन वादक याला क्रुसाडो म्हणतात, म्हणजे आडवं गेलेलं. धुन कुठे आघातांवर बसते आणि कुठे त्यांना चुकवून जाते ते ऐकून दिशा ठरवायची. क्लावे एकदा सुरू झाली की गाणं संपेपर्यंत उलटत नाही. ओळ विषम मापांची आली तर गाणं तिच्यावर वेगळ्या जागी येतं, क्लावे हलत नाही.

तिसऱ्या महिन्यात नुसता बास ऐक. त्याचे आघात ४, ७, १२, १५ वर. सातव्या आणि पंधराव्या मात्रेवरचा सूर पुढच्या कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीचा) असतो आणि तो पुढे लांबवतात, त्यामुळे कॉर्ड बदलायच्या जागी बास नव्यानं वाजतच नाही. नाचणाऱ्याला पुढे ढकलणारं बळ इथूनच येतं.

मग कोंगा, हातानं वाजवायचे उंच ढोल. किंटो लहान, कोंगा मधला, तुंबा मोठा. सुरुवातीला एकच घे, मधला, पावणेबारा इंची तोंडाचा. मूळ ठेका आठ मात्रांचा, नाव तुंबाव. डाव्या हाताची टाच १, बोटं २, उजव्याची थाप ३, डावी बोटं ४, टाच ५, बोटं ६, आणि ७-८ वर उजव्याचे दोन खुले नाद. डावा हात कातड्यावरून जवळजवळ उठतच नाही, तळहाताच्या टाचेवरून बोटांवर झुलत राहतो. तबलजी हे आघात बायाँसारखे दाबून, मोठ्यानं वाजवतात आणि ठेका चिखलात रुततो. ती नुसती भर आहे, ऐकणाऱ्याला जेमतेम जाणवावी. वजन तीनवरच्या थापेला आणि सात-आठला. खुल्या नादासाठी बोटं जिथे तळव्याला जोडतात तो भाग काठावर यायला हवा, चारही बोटं एकत्र, अंगठा बाहेर, आणि आघात होताच हात वर. बोटांच्या टोकांनी काढायला गेलास तर आवाज बारीक येईल आणि टोकं सुजतील. खुला नाद स्वच्छ येईपर्यंत थापेच्या मागे लागू नकोस, जोर लावून मनगट दुखावून बसशील.

पावसाळ्यात कातडं सैल पडेल. बोल्ट एकेक करून पाव फेरा, गोलाकार क्रमानं. एकच ओढलास तर कडं वाकडं होतं. वाजवून झालं की तितकंच सैल कर, नाहीतर हवा कोरडी झाली की कातडं ताणून फाटतं.

ऐकायचा क्रम सांगतो. आधी सेक्स्टेटो हाबानेरोचा १९२० च्या दशकातला सोन. मग आर्सेन्यो रॉड्रिगेस. या दृष्टिहीन त्रेसवादकानं (त्रेस ही क्यूबाची गिटार) १९४० च्या सुमारास सोनमध्ये कोंगा, पियानो आणि जास्तीचे ट्रम्पेट आणले. पुढचं सगळं त्याच्या अंगणात वाढलं असं माझं ठाम मत आहे. त्याच्याकडे महिनाभर थांब. त्यानंतर न्यूयॉर्कचे बँडवाले: माचितो आणि मारिओ बाउसा, मग टिटो पुएंते. १९६४ साली जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली. २४ ऑगस्ट १९७३ ला यांकी स्टेडियमवर फानिया ऑल स्टार्स या तिच्या कलाकारांच्या बँडच्या मैफलीत लोक मैदानात घुसले आणि कार्यक्रम मध्येच थांबला. रुबेन ब्लादेस आणि विली कोलोन यांचा १९७८ चा ‘सिएम्ब्रा’ हा अल्बम शब्द समजून घेऊन ऐक. प्रत्येक गाण्यात मुख्य गायन संपून कोरस आणि गायकाची उत्स्फूर्त सवाल-जबाबी सुरू होते ती जागा पकड. तो मोंतुनो. तिथे बोंगोवाला बोंगो (जोडलेले दोन छोटे ढोल) खाली ठेवून हातातली मोठी घंटा घेतो. एवढं ओळखलंस की गाण्याचा नकाशा कळला.

मधूनच सी. रामचंद्रांचा १९५१ चा ‘अलबेला’ काढ. कावस लॉर्ड यांनी हिंदी सिनेमात आणलेला बोंगो आणि चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवादकाची संगत लक्षात घेऊन जुनीच गाणी नव्या कानांनी ऐक.

नोव्हेंबर-डिसेंबर ब्राझील. सांबा या तिथल्या नाचसंगीतात दोन ठोक्यांचं माप, आणि सर्वांत खोल सुर्दो ढोल दुसऱ्या ठोक्यावर पडतो. पहिल्यावर त्याहून चढ्या आवाजाचा सुर्दो हलकं उत्तर देतो. त्यानंतर गायक-गिटारवादक जोआओ जिल्बेर्तोची १९५८-५९ ची ध्वनिमुद्रणं. तोच सांबा एका गिटारवर: अंगठा बासचा ठोका धरतो, बाकीची बोटं ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे, आणि आवाज कानात बोलल्यासारखा.

टिपऱ्यांसाठी लाकूड घेताना दोन तुकडे एकमेकांवर वाजवून बघ. टणक, कोरडा आवाज आला तरच घे. एक किंचित जाड असला तर उत्तम, तो डाव्या हातावर ठेव.

तुझा,
विनय