तुमच्या गोळ्या आणि माझ्या

वाखेनिंगन, नेदरलँड्स
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवतो, झोपतो, सायकलवर कामाला जातो. दादाने पाठवलेलं तिखट अजून अर्धा डबा आहे, तेव्हा आईने पुढचं कांडायची घाई करू नये. पत्र पाहून घाबरू नका. फोनवर बोलता आलं असतं, पण आपला फोन स्पीकरवर असतो आणि ओट्यावर अर्धी आळी बसलेली असते. शिवाय बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देऊन मोकळे होतात. कागद तसा देता येत नाही.

दादा सांगत होता की बाबांनी १ जानेवारीपासून डिप्रेशनच्या गोळ्या बंद केल्या. एकदम. का, तर "पोरानं सोडल्या, मंग मी काऊन खाऊ?" बाबा, मी सोडल्या नाहीत, सोडतो आहे. मागच्या एप्रिलपासून सोडतो आहे, नऊ महिने झाले, अजून सुटायच्या आहेत. हे मी फोनवर नीट सांगितलं नाही. "आता कमी आहे, जवळपास बंदच" असं म्हणून गेलो, आईला बरं वाटावं म्हणून. चूक माझी आहे.

एकदम बंद केल्यावर काय होतं ते तुम्ही घरात पाहिलेलं आहे, फक्त तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं. २०२३ ची दिवाळी आठवा. येताना मी गोळ्या इथेच ठेवून आलो होतो. कोणाच्या हाती लागल्या तर काय सांगायचं, या भीतीने. लक्ष्मीपूजनापर्यंत ठीक होतो. मग डोळे इकडून तिकडे फिरवले की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका बसायचा. मोटरच्या स्टार्टरला ओला हात लागल्यावर बसतो तसा, पण कवटीच्या आत. चक्कर, मळमळ, रात्री नको ती स्वप्नं. पाहुण्यांसमोर दादावर ओरडलो, तेही पाण्याच्या गुंडावरून. वहिनी अजून ते काढते. आईने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली आणि मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून तिची खात्रीच पटली. दृष्ट नव्हती गं आई. गोळी नव्हती. परत येऊन सुरू केली, तर दोन-तीन दिवसांत झटके थांबले.

म्हणजे या गोळ्यांची सवय लागते का, हा तुमचा प्रश्न. दारूसारखी नाही, खावीशी वाटत नाही. पण शरीर त्यांच्या हिशेबाने घडी बसवून घेतं, आणि ती घडी एका झटक्यात ओढली की असं होतं. सगळ्यांना होतंच असं नाही. खूप दिवस घेतलेल्यांना जास्त होतं.

बाबा, तुम्हाला हे युरियावरून कळेल. पऱ्हाटीला एकरी पहिलं पोतं पडलं की वावर कसं उठतं. दुसऱ्याने थोडं आणखी. तिसऱ्या-चौथ्याने नुसता पाला माजतो, बोंडांत फरक नाही. आता उलटं काढत या. चौथं काढलं, पऱ्हाटीला पत्ता नाही. तिसरं काढलं, तरी नाही. शेवटचं अर्धं पोतं काढलं की मात्र पानं पिवळी. गोळीचं मेंदूत असंच चालतं. थोड्याशा डोसनेच बरंचसं काम होऊन जातं, वरचा डोस त्यात थोडीच भर घालतो. म्हणून मला ५० मिलिग्रॅमवरून २५ वर येणं सोपं गेलं, आणि त्याच्या खाली प्रत्येक पायरी लहान करावी लागली. २५ वरून १५, तिथून १०. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या लंडनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे नीट मांडलं. त्याआधी बहुतेकांना दोन-चार आठवड्यांत बंद करायला सांगत, आणि त्रास झाला की "आजार परत आला" म्हणत.

इथे त्यासाठी पट्टी मिळते. मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या माणसांनी काढलेली. २८ दिवसांच्या २८ पुड्या एकीला एक जोडलेल्या, टपरीवर टांगलेल्या गुटख्याच्या माळेसारख्या. रोज एक तोडायची. प्रत्येकीवर डोस छापलेला, आणि तो हळूहळू उतरत जातो. विमा कंपनीने पैसे द्यायला नकार दिला, मी खिशातून भरतो. (महाग नाही. विचारू नका.)

सध्या मी १० वर थांबलो आहे. डिसेंबरात इथे पावणेनऊला उजाडतं आणि साडेचारला दिवे लावावे लागतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंधाराच्या दिवसांत उतरू नका, मार्चमध्ये पुढची पायरी. आई, तू मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेच्या गोष्टी सांगायचीस ना, लोक चालत्या गाडीतून आपापल्या वावरापाशी उतरायचे? तेवढ्याच वेगात माझं चाललं आहे.

आता बाबांचं. दादा म्हणतो, तीन-चार दिवसांतच झोप गेली, डोक्यात झिणझिण्या, चिडचिड, आणि "बाबा परत तसेच होऊन राहिले". इतक्या लवकर आलं आणि सोबत झिणझिण्या आहेत, त्यावरून हे गोळी तुटल्याचं वाटतं. जुना आजार परत येतो तो बहुतेक काही आठवडे-महिन्यांनी, हळूहळू. पण ते मी इथे बसून ठरवू शकत नाही आणि दादाही नाही. यवतमाळला ज्यांनी सुरू केल्या त्यांनाच दाखवा, याच आठवड्यात. त्यांना खरं सांगा की बंद केल्या होत्या, लाजू नका, त्यांना रोज असे चार जण भेटत असतील. बहुधा ते पुन्हा सुरू करून मग हळू उतरवतील. तुमची १० ची गोळी आहे, ५ ची आपल्याकडे मिळते. पण माझे आकडे स्वतःला लावू नका, औषधच वेगळं आहे. आणि मुळात आता सोडायच्या का, हेही त्यांनाच ठरवू द्या.

दुकानातला पोरगा "एक दिवसाआड घ्या, सुटते आपोआप" म्हणाला म्हणे. ते करू नका. एक दिवस भरायचं, एक दिवस उपसायचं, त्यात शरीराला रोजच हिसका बसतो.

दादा, फवारणीच्या औषधांची पेटी मोठ्या बाबांकडे कुलपात आहे, ती तिथेच राहू दे. रागावू नका बाबा. त्या वर्षी मी नव्हतो, म्हणून मी जास्त बोलतो. रात्री-अपरात्री जिवाला फारच वाईट वाटलं तर आईला उठवा. १४४१६ या सरकारी टेली-मानस हेल्पलाइनवरही मराठीत बोलतात, फुकट आहे.

आता तुमच्या काळज्या. मी एकटा पडलो म्हणून हे झालं, असं आईचं म्हणणं. एकटा नाही. परवाच एका सहकाऱ्याच्या वाढदिवसाला गेलो होतो. इथली तऱ्हा ऐका. खोलीत खुर्च्या गोल मांडतात. आत शिरलं की ज्याचा वाढदिवस त्याचं अभिनंदन, ते ठीक. मग त्याच्या बायकोचं अभिनंदन. मग सासूचं, भावाचं, शेजाऱ्याचं. हात हातात घेऊन, एकेकापुढे उभं राहून. शेजाऱ्याने काय केलं? काही नाही, त्याचा शेजारी एका वर्षाने मोठा झाला. मीही सतरा जणांचं अभिनंदन केलं आणि तीन जणांनी माझं केलं. मग कॉफी, केकचा एक तुकडा, आणि डबा बंद. याहून पुढचं म्हणजे सगळ्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर हे लोक संडासात टांगतात. खोटं नाही. रोज दिसतं, विसरत नाही, म्हणे. मला एक भेट दिलं, मीही लावलं (आई, देवाचं चित्र नाही त्यावर, फुलं आहेत). त्यात बाबा १ जुलै, आई १ जुलै, दादा १ जुलै लिहिलेलं पाहून मित्राने विचारलं, तुमच्याकडे सगळे एकाच दिवशी जन्मतात का? शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्या दिवशी वय बसेल तो दिवस लिहिला, हे त्याला पटवायला अर्धा तास गेला.

दारू पीत नाही. नोकरी शाबूत आहे. डोक्यावर परिणाम झालेला नाही, झाला असता तर पीएचडीचा तिसरा लेख छापून आला नसता.

पैसे दादाच्या खात्यात टाकले आहेत, ४०,००० रुपये. त्यातले २५,००० सोसायटीच्या कर्जाला, ३१ मार्चच्या आत भरा म्हणजे व्याज बसणार नाही. उरलेले यवतमाळच्या खेपेला, तपासणीला, औषधाला. त्यातून बियाणं घ्यायचं नाही. सोयाबीनला हमीभाव ४,८९२ आणि तुम्ही चार हजारांत दिलं, हे मला दादाकडून कळावं? घाई होती तर एक फोन करायचा होता. कापूस तरी सीसीआयच्या सरकारी खरेदीलाच न्या, यंदा ७,५२१ आहे.

दिग्रसच्या स्थळाबद्दल. अक्षय तृतीयेच्या आत गोळ्या संपव, असं आईने म्हटलं. आई, नाही होणार. मार्चनंतर निदान चार-पाच पायऱ्या आहेत, आणि मधे त्रास झाला तर एक पायरी वर चढून थांबावं लागेल. मुहूर्त गाठायला मी आणखी एक २०२३ ची दिवाळी करणार नाही. त्यांना आधीच सांगा. तुम्हाला जमत नसेल तर मुलीचा नंबर द्या, मी सांगतो. नाही म्हणाले तर म्हणाले. तुला मामांपुढे खाली पाहावं लागेल हे मला कळतं, त्याबद्दल काय लिहू ते सुचत नाही.

दर रविवारी "बरा आहे" म्हणायचो, त्यातले बरेच रविवार खरे नव्हते. आताचे खरे आहेत.

यवतमाळला कोणत्या दिवशी जाता ते कळवा. मी फोन हातात ठेवतो.

तुमचा,
बाळू

ता. क. बाबा, तुमचा जन्म तान्ह्या पोळ्याचा, असं आजी म्हणायची ना? साल मोठ्या आईला विचारून सांगा. तारीख शोधून कॅलेंडरवर लिहितो.