बाबा, आजोबांपर्यंत मी एकटीच जातेय

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहायला बसले. आई, तूच वाचून दाखव. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय, त्यांना बारीक अक्षर लावायला देऊ नकोस.

तिकीट काढलं. पितृपक्षात मी इटलीला जातेय, आरेत्झोला, दुसऱ्या महायुद्धात तिकडे पडलेल्या आजोबांच्या स्मारकाला. आणि बाबा, तुम्हाला नेत नाहीये.

रागावू नका. आधी सगळं ऐका. डॉक्टरांनी काय सांगितलं ते आपण तिघांनीही ऐकलंय. स्टेंट बसल्यावर एवढा लांबचा विमानप्रवास, तोही मध्ये विमान बदलून, मग रोमहून रेल्वे. तिकडे व्हीलचेअर मिळते हे मला ठाऊक आहे. पण रात्री-अपरात्री परक्या गावात छातीत दुखलं तर मी कुणाला हाक मारू? तुमचा हट्ट समजतो मला. ज्यांनी तुमचं तोंडही पाहिलं नाही त्या वडिलांच्या जागी एकदा जाऊन यायचं, एवढंच तर मागताय. दादाशी बोलले, वहिनीशी बोलले, रात्र रात्र विचार केला. तुम्हाला इथे धडधाकट ठेवून आजोबांसमोर उभं राहणं मला जमेल. तुम्हाला तिकडे नेऊन काही झालं, तर आजोबांना तोंड कसं दाखवू?

आता जे सांगायचंय ते नीट ऐका. आई, इथून सावकाश वाच.

2005 च्या पुरात आजोबांचे पेन्शनचे कागद गेले तेव्हा तुम्ही किती दिवस जेवला नव्हतात ते मला आठवतं. पण महायुद्धात पडलेल्या जवानांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदीत आजोबा सापडले. नाव, नंबर, पलटण: पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, तिसरी बटालियन. आणि खाली, कुलाबा जिल्ह्यातल्या आपल्या गावाचं नाव आणि अमुक हिचा पती म्हणून आजीचं नाव. स्पेलिंग चुकलंय, पण आजीचंच आहे. मी ऑफिसात होते, डोळे पुसत बाहेर गेले. तिचं नाव कुठल्या सरकारी कागदावर मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेही त्यांच्या नावाला लागून.

तारीख 14 जुलै 1944. म्हणजे आषाढ वद्य पक्ष. माणगावात ज्यांच्या पुतळ्याला तुम्ही शाळेच्या वाटेवर हात जोडायचात, ते नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे आणि 10 जुलैला गेले. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातली तीच लढाई. बरोबरचे सगळे पडले तरी घाडगे एकटे मशीनगनवर धावून गेले, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्यानं लढले. हे तुम्हीच मला सांगायचात आणि सांगताना उभे राहायचात. त्यानंतर चारच दिवसांनी आपले आजोबा. इटलीत 50,000 हून जास्त भारतीय जवान लढले, त्यातले 5,782 परत आले नाहीत. घाडगेंना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सर्वांत मोठं शौर्यपदक मिळालं, आजोबांना कुणी ओळखलं नाही. पण डोंगर तेच, ऊनही तेच.

बाबा, तुमच्या मनात जे आहे ते तुम्ही कधी बोलला नाहीत. आजी मात्र बोलायची. देहाला अग्नी मिळाला की नाही, की कुठे रानात पडून राहिला, हाच घोर तिला होता. ऐका. ज्यांचा देह सापडला नाही त्यांची नावं इटलीतल्याच कासिनो गावच्या स्मारकावर आहेत, घाडगेंचं नावही तिथेच आहे. आजोबांचं नाव तिथे नाही. ते आरेत्झोच्या युद्ध-दफनभूमीतल्या भारतीयांच्या दहन-स्मारकावर आहे. ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला अशा 339 जणांसाठी ते उभारलंय. आजोबांना अग्नी मिळाला, बाबा. त्यांच्या पलटणीतल्या गाववाल्यांनीच दिला असणार. आजी असती तर हे ऐकून त्या दिवशी पोटभर जेवली असती.

आता तुम्ही म्हणाल, मग जायचंच कशाला? आपल्या घरातलं कुणी तिथे अजून गेलेलं नाही, म्हणून.

लहानपणी मला ताप आला की तुम्ही आजोबांची पदकं माझ्या उशाशी ठेवायचात. हिरव्या-पांढऱ्या-लाल फितीचं ते इटलीचं पदक मी मुठीत धरून झोपायचे. तुम्ही म्हणायचात, आजोबा राखणीला आहेत. मला ते खरंच वाटायचं. अजूनही वाटतं. विमानात बसताना ते बरोबर नेऊ का? तुम्ही नको म्हणालात तर नाही नेणार.

माझ्या मागे तुमची काहीही आबाळ होणार नाही. दादा-वहिनी सुट्टी घेऊन येताहेत. भाकरी वहिनी करील, तांदळाचीच, मऊ. बाबांच्या खाटेवरची जाड गादी मी बदलून घेतलीय. गिझर दुरुस्त झालाय, पहाटे पाणी तापवायला चुलीपाशी वाकू नका. न्हाणीघरात दांडा बसवायला माणूस येईल, त्याला "कशाला उगाच" म्हणून परत पाठवू नका. मी पैसे दिलेत.

आणि आई, पदकं पितांबरीनं घासायची नाहीत. कोरड्या सुती कपड्यानं पुसायची, बस. फीत तर पाण्याला लागूच द्यायची नाही. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही, ट्रंक दादा काढील. रक्त पातळ व्हायची गोळी जेवणानंतर, दोघांनी एकमेकांना विचारून घ्यायची. मीठ कमी. लोणचं मी मोजून ठेवलंय असं समजा.

तुळशीतली माती नेणार होते, पण बाहेरच्या देशांतली माती तिकडे नेऊ देत नाहीत. म्हणून आजीचा तो एकुलता एक फोटो नेतेय, नऊवारीतला, तुम्ही कडेवर आहात तो. त्यांना तुमच्या बारशाचं पत्र पोचलं का, हे ती शेवटपर्यंत विचारत राहिली. तेव्हा फोटो त्यांच्या नावासमोर धरीन. जमलं तर तिकडच्याच मोंतोने गावालाही जाईन, तिथे 2023 मध्ये घाडगेंच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलंय. तुमच्या वतीनं नमस्कार करून येईन.

गुरुजींना तारीख सांगून पंचांगातून तिथी काढून घ्या. पुढच्या आषाढात वर्षश्राद्ध त्या तिथीला करू, मी येईन. यंदा मात्र नेहमीसारखं, हत्यारानं गेलेल्यांचं म्हणून चतुर्दशीलाच पान काढा. त्याच दिवशी मी तिथे असेन. तुमचे दुपारचे साडेबारा म्हणजे तिथले सकाळचे नऊ. पान काढलं की दादाला व्हिडिओ कॉल लावायला सांगा. मी नावापाशी उभी राहीन, आणि बाबा, आजोबांना काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा, मी फोन त्यांच्याकडे धरते. पण त्याआधी जेवणापूर्वीची साखरेची गोळी घेतलेली असली पाहिजे.

तुमची,
माई