घाबरल्यावर भरवसा कुणावर?

संपादक साहेब,

देवावर भरवसा ठेवा असं सगळेच म्हणतात, पण खरं काय ते घाबरल्यावरच कळतं. बायबलमधला यहूदा राज्याचा आहाज राजा बघा, इ.स.पू. 735 च्या सुमारास शेजारची अराम आणि इस्राएल ही दोन राज्यं मिळून त्याच्या राजधानीवर, यरुशलेमवर चालून आली, राजा नि प्रजा वाऱ्याने झाडं हलावीत तशी थरथरली, आणि यशया संदेष्टा त्याला पाण्याच्या पाटापाशी गाठून सांगतोय की अरे ही नुसती धुमसणारी दोन लाकडं आहेत, शांत राहा. पण हा बाबा देवळातलंच सोनं-चांदी काढून मदतीसाठी बलाढ्य अश्शूर साम्राज्याच्या राजाला पाठवून मोकळा! तात्पुरतं काम झालं हो, अरामचं राजधानीचं शहर दमास्कस पडलं, पण पुढे इ.स.पू. 701 ला तेच अश्शूरी सैन्य त्याच्या पोराच्या, हिज्कीयाच्या दारात.

अर्थात त्याला नावं ठेवायला मला तोंड नाही. नोकरी जाईल या टेन्शनमध्ये मीपण एकदा खोट्या आकड्यांखाली सही केलीये. पेन दोनदा खाली ठेवलं, तिसऱ्यांदा उचललं. प्रार्थना आठवली ती शाई वाळल्यावर.

आपला,
एक वाचक