वर्गमुळाचे सूत्र आणि मुंबईची लोकसंख्या

दादर, मुंबई

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गावाची लोकसंख्या वर्गमुळाच्या सूत्राने मांडण्याचा जो पाठ तू अकरावीसाठी तयार करतो आहेस, त्यात कल्पित गावाऐवजी मुंबईचे आकडे घ्यावेस, असे मला मनापासून वाटते. आरंभीच्या संख्येत गेलेल्या वर्षांच्या वर्गमुळाची ‘क’ पट मिळवायची, एवढेच ते सूत्र. त्यात वाढ थांबत नाही, पण मंदावत जाते आणि पहिल्या दहा वर्षांत पडली तेवढीच भर पुन्हा पडायला पुढची तीस वर्षे लागतात.

जनगणनेनुसार बृहन्मुंबईत १९९१ साली ९९.२६ लाख आणि २००१ साली ११९.७८ लाख लोक होते. १९९१ हे शून्य वर्ष धरले, तर ‘क’ सुमारे ६.४९ लाख येतो आणि २०११ साठी सूत्र १२८.२८ लाख सांगते. प्रत्यक्षात १२४.४२ लाख भरले. सरळ रेषेने काढले असते, तर १४०.३० लाख आले असते. मला हे यश थोडे नाही वाटत.

मात्र हेच सूत्र १९५१ पासून लावून पाहा. तेव्हाचे २९.९४ लाख आणि १९६१ चे ४१.५२ लाख घेतले, तर १९८१ साठी जेमतेम ५० लाख मिळतात आणि जनगणना ८२.४३ लाख दाखवते. त्या काळात दर दशकातली भर वाढत होती, म्हणून आलेख वर वळत होता. वर्गमुळाचा आलेख तसा कधीच वळत नाही. शून्य वर्ष कोणते धरायचे, हा निर्णय ‘क’ काढण्यापेक्षा अवघड आहे आणि मुलांनी तो स्वतः घ्यावा. शिवाय १९९१ च्या मांडणीत पहिल्याच वर्षी ६.४९ लाखांची भर पडते आणि दुसऱ्या वर्षी केवळ २.६९ लाखांची, कोणतेही शहर असे वाढत नाही, म्हणून सुरुवातीच्या वर्षांबद्दल या सूत्राला विचारूच नये.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २००१ ते २०११ या काळात उपनगरे ८६.४० वरून ९३.५७ लाखांवर गेली, पण शहर जिल्हा ३३.३८ वरून ३०.८५ लाखांवर उतरला, आणि ‘क’ धन असेल तर वर्गमूळ घट दाखवू शकत नाही. त्याच दशकात ठाणे जिल्हा ८१.३२ वरून ११०.६० लाखांवर पोचला. मुंबईचा मंदावलेला वेग वाचताना डोंबिवली, विरारकडे राहायला गेलेली कुटुंबेही मोजायला हवीत, नाहीतर उत्तर बरोबर येऊनही कारण चुकेल.

मुलांना आधी १९९१ आणि २००१ चेच आकडे दे, २०११ चा आकडा राखून ठेव. त्यांनी काय अंदाज बांधले, ते मला सविस्तर कळव.

तुझा,
अविनाश