होर्डिंग उतरवायला आलेल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही पुढच्या कामाचं निमित्त काढता आणि शिडी उचलून चालू लागता. तीनदा असं झालं, म्हणून हे उघड पत्र. माझ्यासारखे एकहाती स्टुडिओ चालवणारे बरेच फोटोग्राफर होर्डिंगवर साठवलेले पैसे लावतात आणि नंतर हळहळतात. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही कानावर पडावं, हाही हेतू आहेच.

आपली ओळख झाली ती माझं पहिलं होर्डिंग उतरवताना. महिन्याची मुदत संपली होती. फ्लेक्स वाया जाऊ नये म्हणून मी तो घ्यायला आले होते. तुम्ही दोर सोडत होता. फ्लेक्सची गुंडाळी खाली आली, तुम्ही उतरलात, हात पुसलेत आणि विचारलंत, "ताई, हा बोर्ड तुम्ही रस्त्याच्या त्या टोकावरून कधी बघितला होता का?"

नव्हता बघितला. लावला त्या दिवशी मी बोर्डाच्या थेट खाली उभी राहून मान वर करून पाहिला होता, फोटो काढले होते, घरी सगळ्यांना पाठवले होते. तीन रात्री जागून मी ते डिझाइन लॅपटॉपवर केलं होतं. माझे सगळ्यात आवडते नऊ फोटो, त्याखाली मी करत असलेल्या सगळ्या कामांची यादी, पत्ता, दोन मोबाइल नंबर, ईमेल. स्क्रीनवर मोठं करून बघितलं की प्रत्येक फोटो सुंदर दिसायचा. महिनाभरात त्या बोर्डाचं नाव घेऊन एकही फोन आला नाही. मला वाटलं, लोकांना माझं काम आवडलं नाही. तो महिना मी फार वाईट मनःस्थितीत काढला, दादा. नवा कॅमेरा घ्यायचा बेत मोडून मी ते पैसे होर्डिंगला लावले होते.

तेव्हा तुम्ही खिशातून पावतीपुस्तक काढलंत. एका कोऱ्या पावतीतून 6 सेंटिमीटर लांब आणि 3 सेंटिमीटर उंच असा तुकडा पट्टीने मोजून फाडलात. माझ्या हातात देऊन म्हणालात, "हात सरळ लांब करून धरा. साठ मीटरवरून तुमचा वीस बाय दहाचा बोर्ड एवढाच दिसतो."

मी हात लांब केला. अंगठ्याच्या नि बोटाच्या मध्ये ती चिठ्ठी. तिच्यावर माझे नऊ फोटो, यादी, पत्ता, दोन नंबर आणि ईमेल बसवायचे होते! तुम्ही पुढे काही बोलला नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

घरी येऊन मी गणित मांडलं. वीस फूट म्हणजे साधारण 6 मीटर. ते 60 मीटरवरून बघणं आणि 6 सेंटिमीटर 60 सेंटिमीटरवरून बघणं, दोन्ही डोळ्याला सारखंच. इतकी साधी गोष्ट. फोटोग्राफर असून, दिवसभर लेन्स आणि अंतरांचा हिशेब करत असून ती मला सुचली नव्हती, कारण बोर्ड म्हणजे मोठी गोष्ट हे डोक्यात पक्कं बसलं होतं. रस्त्यावरच्या माणसासाठी तो छोटाच असतो.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला शोधत आले आणि तुम्ही पुढचे पंधरा दिवस स्वतःची कामं सांभाळून मला शिकवलंत. अक्षरांचं तुमचं माप मला आता पाठ आहे. दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर, तर ते नीट वाचता येतं. म्हणजे 60 मीटरला, जवळपास दोनशे फुटांना, वीस इंच. त्या चिठ्ठीवर हेच अक्षर 5 मिलिमीटरचं होतं. मग किती शब्द मावणार? तुम्ही हाताने बोर्ड रंगवायचात त्या दिवसांत एकेका अक्षराला रंग आणि वेळ जायचा, म्हणून गिऱ्हाइकाला शब्द कमी करायला लावायचात, असं तुम्ही सांगितलंत. आता कॉम्प्युटरवर शब्द घालायला काहीच लागत नाही, म्हणून सगळे घालत सुटतात. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी शंभर मीटर सात सेकंदांत पार करते. त्या सात सेकंदांत चालवणाऱ्याने रस्ता बघायचा असतो आणि त्यातून उरलेली नजर आपल्या वाट्याला येते. तुम्ही मला सात शब्दांची मर्यादा घालून दिलीत. मी चारच वापरले.

फोन नंबर काढून टाकायला मी तयार नव्हते. खूप वाद घातला. "ताई, गाडी चालवताना दहा आकडे कोण लिहून घेतो? नाव सोपं ठेवा, मोठं ठेवा. घरी जाऊन शोधतील." तुमचं म्हणणं पटलं, पण त्यामागचं काम मला नंतर कळलं. नाव शोधल्यावर माझा जुना पत्ता आणि दोन वर्षांपूर्वीचे फोटो दिसत होते. बोर्ड लावण्याआधी मी ते सगळं नीट केलं. क्यूआर कोडसुद्धा असाच गेला. जिथे माणूस उभा राहतो, बसची वाट बघतो, तिथे तो ठीक आहे. चालत्या गाडीतून तो स्कॅन करायला लावणं म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ.

जागेबद्दल तर किती सांगू. पहिल्या वेळी एजन्सीने मला साइटचा एक फोटो पाठवला होता, त्यात बोर्ड मोकळा आणि स्वच्छ दिसत होता. तो पानगळीत काढलेला होता. माझा फ्लेक्स लागला तेव्हा समोरचं झाड पालवीने भरलेलं होतं आणि अर्धे फोटो पानांआड होते. मी साइट बघायला गेलेच नव्हते. तुम्ही मला एकाच जागी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी उभं केलंत. संध्याकाळी सूर्य बोर्डाच्या बरोबर मागे येत होता आणि पुढची बाजू काळवंडत होती. हे बॅकलाइट मी रोज सांभाळते, पण होर्डिंगलाही ते लागू होतं हे त्या दिवशी कळलं. शेवटी तुम्ही जी जागा सुचवलीत ती महामार्गावरच्या मोठ्या साइटच्या मानाने लहान होती, पण सिग्नलसमोर होती. तिथे माणसं थांबतात. तिथे सात सेकंदांचं गणितच बदलतं.

आणि त्याच जागेवर तुम्ही काम करायला नकार दिलात, ते मी विसरणार नाही. वर चढून तुम्ही सांगाड्याचे बोल्ट हाताने चाचपलेत, खाली उतरलात आणि म्हणालात, दोन बोल्ट गंजलेत, ते बदलल्याशिवाय मी फ्लेक्स चढवणार नाही. मला उशीर होत होता, भाडं सुरू झालं होतं, मी कुरकुर केली. तुम्ही शांतपणे सांगितलंत की 20 बाय 10 फुटांचा ताणलेला फ्लेक्स वाऱ्यात शिडासारखा ओढतो आणि सगळा भार त्या बोल्टांवर येतो. "खाली माणसं उभी असतात, ताई. सिग्नलला." परवानगीचा कागद आणि सांगाडा मजबूत असल्याचं इंजिनिअरचं प्रमाणपत्र मागायचं असतं हेही तेव्हाच कळलं. जागेच्या मालकाने चार दिवसांनी बोल्ट बदलले. ते चार दिवस मी तुमच्यावर चिडले होते. त्याबद्दल मनापासून क्षमा मागते.

फोटो निवडायला मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. माझी पहिली निवड होती एका लहान मुलीचा चेहरा. तुम्हाला तो आवडला, पण पहिलाच प्रश्न आला, "हिच्या आईवडिलांना विचारलंत?" मी म्हटलं, त्यांनीच तर काढून घेतलाय. तुम्ही मान हलवलीत. अल्बमसाठी दिलेला होकार रस्त्यासाठी नसतो. मी फोन केला. आई घुटमळली, विचार करून सांगते म्हणाली. मी पुन्हा फोन करणार होते, समजावणार होते. तुम्ही म्हणालात, "नको. घुटमळली म्हणजे नाहीच ते." मी तो फोटो बाजूला ठेवला. या धंद्यात इतकी वर्षं काढून ही गोष्ट मला कुणी इतक्या सरळ शब्दांत सांगितली नव्हती.

मग सापडला आजोबांचा फोटो. नात मागून येऊन त्यांचे डोळे झाकतेय. नातीचे फक्त दोन तळवे दिसतात, आणि त्यांच्याखाली आजोबांचं बोळकं हसू. मागे गडद, मोकळी भिंत. मी 6 बाय 3 सेंटिमीटरचा प्रिंट काढून हात लांब केला आणि हसू तिथूनही दिसलं! आजोबा स्वतः स्टुडिओत आले, संमतीचा कागद चष्मा लावून पूर्ण वाचला आणि सही केली. नातीच्या वडिलांचीही सही घेतली, कारण तळवे तिचे होते. तुम्हीच आठवण केली होतीत.

छपाईआधी तुम्ही प्रत्यक्ष मापात एक तुकडा छापून घ्यायला लावलात, तीन बाय तीन फुटांचा, फक्त हसऱ्या तोंडाचा. छपाईच्या दुकानात तो जमिनीवर अंथरला तेव्हा माझा धीर सुटला. जवळून नुसते ठिपके. ओठ कुठे, गाल कुठे, काही कळेना. मी फाइल परत नेते म्हणाले. तुम्ही तो तुकडा उचलून बाहेरच्या भिंतीला टेकवलात आणि मला मागे मागे चालायला लावलंत. दहा पावलांवर गाल दिसू लागला. वीस पावलांवर सुरकुत्या. चाळीस पावलांवर आजोबा हसले.

त्याचंही गणित मी नंतर केलं. क्रॉप केल्यावर माझ्या फोटोत रुंदीला 3000 पिक्सेल उरले होते. वीस फुटांवर पसरल्यावर एक पिक्सेल 2 मिलिमीटरचा होतो. निरोगी डोळा साधारण एक कलेपर्यंतचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील सुटा पाहू शकतो. साठ मीटरवर ते होतात जवळपास 17 मिलिमीटर. माझे ठिपके त्याच्या कितीतरी आत होते. अल्बमसाठी 300 डीपीआय, म्हणजे एका इंचात 300 ठिपके, लागतात म्हणून मी होर्डिंगलाही तेच धरून बसले होते. 2015 मध्ये अ‍ॅपलने आयफोन 6 वर लोकांनी काढलेले फोटो जगभर होर्डिंगवर लावले, त्या फोनचा कॅमेरा 8 मेगापिक्सेलचा होता. महागडा कॅमेरा नाही म्हणून होर्डिंगचा विचार सोडणाऱ्या कुणाला हे कळलं तर बरं.

तुमच्यामुळे मी या विषयावर वाचायला लागले. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात कोडॅकने 1950 ते 1990 अशी चाळीस वर्षं एक भलामोठा फोटो लावला होता, 18 फूट उंच आणि 60 फूट रुंद, मागून प्रकाश सोडलेला. नाव कलरामा. फोटो ठरावीक काळाने बदलायचा, पण एका वेळी एकच. मला हे वाचून इतका आनंद झाला की मी लगेच तुम्हाला फोन केला होता. तुम्ही शिडीवर होता.

रंगांचं थोडक्यात सांगते. स्क्रीनवरचा झगमगता निळा फ्लेक्सवर उतरत नाही, मंद पडतो. तुम्ही सांगितलंत म्हणून अक्षरं पिवळी आणि मागचं गडद तपकिरी ठेवलं, आणि फोटो मी थोडा उजळ करून दिला.

आता बोर्डाने काय दिलं ते सांगते, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत. पहिले दोन आठवडे काहीच नाही. मी पुन्हा खचले होते. तुम्ही म्हणालात, एकाच रस्त्याने जाणारा माणूस रोज बघतो, त्याला रोज बघू द्या, आणि आलेल्या प्रत्येकाला कुठून कळलं ते विचारून वहीत लिहा. मी लिहू लागले. तिसऱ्या आठवड्यात एक बाई आल्या. कुठून कळलं? "ते आजोबा हसतात ना, ते तुम्हीच ना?" त्यांनी माझं नाव नाही, आजोबा सांगितले. त्यानंतर वहीत हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत गेलं. काहींनी नुसतं "कुठेतरी पाहिलंय" म्हटलं, तेही लिहून ठेवलंय. बोर्ड पाहून कुणी त्याच दिवशी धावत येत नाही. घरात काही ठरलं, फोटोग्राफर हवा झाला, की नाव आठवतं. जवळजवळ सगळे जण आईवडिलांना, आजीआजोबांना घेऊन आले. मला हेच काम करायचं होतं, दादा. नऊ फोटोंच्या गर्दीत मी ते सांगूच शकले नव्हते.

पावतीच्या कागदाची ती चिठ्ठी मी मॉनिटरच्या कडेला चिकटवली आहे. पुढच्या फोटोची निवड सुरू केलीय. तीन काढून ठेवलेत, तुम्ही आलात की दाखवते.

आणि एक विनंती. येत्या महिन्यात मुदत संपेल तेव्हा आजोबांचा फ्लेक्स कापू नका, घडीही घालू नका, गुंडाळूनच उतरवा. त्यांना तो घरी न्यायचा आहे. कुठे ठेवणार विचारलं तर म्हणाले, बघू. नातीला घेऊन ते स्वतः येणार आहेत, सकाळच्या वेळी या म्हणून मी त्यांना सांगितलंय.

तुमची,
पावतीवाली ताई